चार सेकंद मागची म्हैस

"म्हशीला लागली, माणसाला न्हाय," धैर्यशील म्हणाला. "ह्येलाच अचूक म्हनत्यात, काका."

आकारामने म्हशीकडे पाहिलं. शिंगांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ आणि डाव्या कुशीवर निळ्या रंगाचे अकरा डाग. मालकीण बायडाबाईच्या पदरावरही निळे शिंतोडे होते, पण धैर्यशीलने ते माणसात धरले नव्हते.

घडलं ते असं. ज्या कारखान्यात आकाराम एकतीस वर्षं पंप तपासत होता, तिथे धैर्यशीलने मालक झाल्यावर बंदूकवाला रोबो काढला. चार चाकं, एक कॅमेरा, एक नळी. रोबो गावाबाहेरच्या माळावर, चालवणारा शाहूपुरीतल्या एसी ऑफिसात. चाचणीला रंगाच्या गोळ्या, लढाईत खऱ्या. सुट्टी म्हणून चाचणीला दिवाळीचा पाडवा निवडला. पाडव्याला कोल्हापुरात सजवलेल्या म्हशी मोटारसायकलीमागे पळवतात; त्या दिवशी माळ मोकळा असेल असं ज्याला वाटतं, त्याचं शिक्षण बाहेर झालंय हे ओळखावं.

बायडाबाईचा लेक सम्राट सायलेन्सर काढलेली मोटारसायकल घेऊन पुढे, सजवलेली म्हैस मागे, तिच्यामागे बायडाबाई. पुण्याहून आणलेल्या ऑपरेटरला पडद्यावर हा शत्रूचा ताफा वाटला. त्याने मोटारसायकलवर नेम धरला. चित्र चार सेकंद उशिरा पोचत होतं. तेवढ्यात सम्राट पुढे गेला आणि त्याच्या जागी म्हैस आली. ऑपरेटरने 'थांब' दाबलं, तेही चार सेकंदांनी पोचलं.

"माझ्या लक्ष्मीला निळी कुनी केली?" बायडाबाईने विचारलं.

"यंत्रानं, मावशी," आकाराम म्हणाला.

"त्येला आईबाप हायत का न्हाय?"

"हायत की. शाहूपुरीत बसल्यात."

"मग हितं उन्हात येऊन मार म्हनावं मुडद्याला!"

धैर्यशीलने तपासणीचा कागद पुढे केला. "सही करा काका. उद्या गाडी निघत्या."

"न्हाय करत."

"आवो, लढाईत म्हशी नसत्यात."

"मग लढाई काय चंद्रावर हाय व्हय? जिथं लढाई, तिथं बी कुनाचं तरी दूध काढायचं असतंयच की, मालक. खरी गोळी असती तर ह्या मावशींचं तेरावं जेवाय बसला असता तुम्ही."

"सही न्हाय, तर उद्यापास्नं कामावर येऊ नका."

आकारामने कागद घडी घालून धैर्यशीलच्या खिशात नीट ठेवला. कारखान्यात परतल्यावर त्याने लाल रंगाचा डबा उघडला आणि रोबोच्या पाठीवर भली मोठी फुली मारली. बाद पंपावर तो अशीच मारत असे. मग घण उचलला. बाद माल नुसता रंगवून भागत नाही, फोडावा लागतो. नाहीतर फुली पुसून तो गाडीत चढतो, हे त्याला एकतीस वर्षांत कळलं होतं. पहिल्या घावाला कॅमेऱ्याची काच गेली. दुसऱ्या घावाआधी चौघांनी त्याला धरून फाटकाबाहेर नेलं.

सकाळी काच नवी होती, फुली थिनरने पुसलेली होती, आणि कागदावर दुसऱ्या कुणाची तरी सही होती. रोबो ट्रकात चढला. ट्रक निघाला आणि फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध आकाराम उभा.

ड्रायव्हर गणपतरावांनी हॉर्न दिला. "पावणं, सरका की!"

"न्हाय सरकत."

"दाबा पुढं!" धैर्यशील ऑफिसच्या खिडकीतून ओरडला. "आपोआप सरकतंय त्ये!"

ट्रक पुढे आला. आकारामने पायांचे अंगठे जमिनीत रुतवले आणि हात मागे बांधले. करकचून ब्रेक लागला. बंपर त्याच्या सदऱ्याच्या गुंडीला टेकून थांबला.

"दाबा म्हनतोय न्हवं?"

गणपतरावांनी ट्रकच्या खिडकीतून बाहेर डोकं काढलं.

"मानूस हाय की वो फुडं," ते म्हणाले, आणि त्यांनी इंजिन बंद केलं.