साल्हेरचे चपटे स्वार

नवल वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झाला तेव्हा त्याच्या घरात साल्हेरची सगळी लढाई मांडलेली होती. मावळे, मोगल स्वार, निशाणं, उधळलेले घोडे. सगळे बोटाएवढे उंच आणि नाण्याएवढे जाड. मऊ दगडाच्या दोन पाट्यांत आकृती उलटी कोरायची, पाट्या एकमेकींवर आवळायच्या आणि वरून वितळलेलं कथील-शिसं ओतायचं, की सैनिक हातात येतो. पण तेव्हा तो नुसता पत्राच दिसतो. उजेड कोणत्या बाजूचा हे मनाशी ठरवून एकीकडे फिकट, दुसरीकडे गडद रंग चढवला, की त्या चपट्या घोड्याला अंग येतं.

रंगाचं हे काम त्याला दीपमालाने शिकवलं होतं. तिचे वडील वाल्मीकभाऊ कारखान्यात नवलला वरिष्ठ होते. बदली होऊन गेलेल्या एका साहेबाने त्यांना जर्मनीत बनलेल्या अशाच जुन्या चपट्या सैनिकांचा डबा दिला होता, सतराव्या शतकातल्या भालाइतांचा. तो बघायला म्हणून नवल त्यांच्या क्वार्टरवर गेला आणि मग रोजच जाऊ लागला. आपल्याच मुलखातली, त्याच शतकातली साल्हेरची लढाई बनवायची हे त्याने आणि दीपमालाने तिथेच ठरवलं. नवल कोरायचा, दीपमाला रंगवायची. ती डावखुरी होती. हाताची सावली पडू नये म्हणून खिडकी उजवीकडे घेऊन बसायची, म्हणून तिच्या सैनिकांवरही उजेड उजवीकडूनच पडायचा.

लग्नाची गोष्ट निघाली तेव्हा नवलचे वडील उखर्डू यांनी जातीबाहेरची मुलगी आणायची तर पुन्हा दारात यायचं नाही, असं सांगून टाकलं. नवलने दीपमालाला वर्षभर थांबायला सांगितलं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची वेळ तिने येऊ दिली नाही. धुळ्याच्या प्रशील नावाच्या शिक्षकाशी तिचं लग्न झालं. त्या लग्नात नवल पंगतीत वाढत होता. पुढे त्याने लग्न केलं नाही. वडील गेले, घरात अडवणारं कुणी उरलं नाही, पण तोवर आणण्यासारखंही कुणी राहिलं नव्हतं. सैनिक मात्र वाढत गेले.

यंदा जानेवारीत धुळ्याच्या एका कॉलेजने इतिहासाचं प्रदर्शन भरवलं आणि नवलला लढाई मांडायला बोलावलं. लोक वाकून वाकून बघत होते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "हाई बठ्ठं तुम्हीच बनाडं का, भाऊ?" सगळं मीच बनवलं, असं सांगत नवलने मान वर केली, तर त्या म्हाताऱ्याच्या मागे दीपमाला उभी होती. केस पिकलेले, चष्मा लागलेला.

ती बराच वेळ टेबलाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "उजेड अजून उजवीकडूनच?"

"हो."

"तू तर उजव्या हाताचा. तुला डावीकडून सोपं गेलं असतं."

"सवय झाली," नवल म्हणाला.

तेवढ्यात स्कूटर लावून प्रशील आत आला. मोकळ्या स्वभावाचा माणूस. दीपमालाने ओळख करून दिली, वडिलांच्या हाताखाली काम करायचे म्हणून. प्रशीलने कथील कुठून आणता इथपासून सगळं विचारलं आणि हसत म्हणाला, की आमच्या हिला चित्रांचा कधी नादच नव्हता.

दीपमाला म्हणाली, "यातले पहिले मी रंगवलेत."

प्रशीलने तिच्याकडे पाहिलं. कोणते, असं विचारलं. तिने एका निशाणदाराच्या डोक्यावर बोट टेकवलं. तो चष्मा काढून त्या निशाणदारावर वाकला आणि सावकाश उभा राहिला. "कधी बोलली नाहीस."

"बोलायचं कधी कारण पडलं नाही."

संध्याकाळी प्रशीलने नवलला हट्टाने घरी जेवायला नेलं, शेवभाजी वाढली आणि निघताना सांगितलं, की थोडे कोरे सैनिक हिच्यासाठी ठेवून जा.

मार्चमध्ये प्रशीलचाच फोन आला. ती रोज सकाळी रंगवायला बसते, एकदा येऊन बघा. नवल बसने गेला. टेबल प्रशीलने स्वतः ओढून खिडकीपाशी लावलं होतं, खिडकी तिच्या उजव्या हाताला. काम करताना जिभेचं टोक दातांत धरायची तिची खोड तशीच होती. नवल दाराशीच थबकला. प्रशील चहा टाकायला आत गेला होता. थोडा वेळ खोलीत ती दोघंच होती, आणि एवढ्यात कुणी हाक मारू नये असं नवलला वाटत होतं.

मग तिने मान वर केली. "लढणारे पुष्कळ झाले, नवल. आता लढाईवरून घरी निघालेले कोर."

घरी येऊन त्याने पाटी घेतली. पण हात चालेना. घरी निघालेल्या माणसाची चाल कशी असते, तेच त्याला कळेना. खूप दिवसांनी एक मावळा जमला. ढाल पाठीवर, भाला खांद्यावर, पण मान मागे वळलेली. ती सरळ करायला दुसरी पाटी कोरावी लागली असती. नवलने तो तसाच ओतला, कानस मारून कडा साफ केल्या, कापसात गुंडाळला. धुळ्याची बस पोस्टासमोरूनच सुटत होती. तो बसमध्ये न चढता पोस्टात गेला आणि पुडकं धुळ्याला पाठवून दिलं.