श्चेपानिआकचं नाव आणि तीन सूर

काझिमिर श्चेपानिआक हा अमेरिकेतल्या आमच्या डुलूथ गावातला हाडाचा प्लंबर. पण त्याचं नाव एका दमात घेणारा माणूस गावात सापडायचा नाही. लोक डिरेक्टरी उघडत, ते नाव बघत आणि दुसऱ्याच कुणाला तरी फोन लावत. मी तेव्हा इथल्या रेडिओवर जाहिराती लावायचो. काझिमिर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "माझ्या नावाचं गाणं करा. पोराबाळांच्या तोंडी बसलं पाहिजे."

मी त्याला आर्वो टुओमिनेनकडे नेलं. आर्वो फिनिश चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, गावातल्या निम्म्या पोरांना पियानो शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. प्लंबरचं गाणं म्हटल्यावर त्यानं नाक मुरडलं, पण चाल बांधली आणि आम्हाला ऐकायला बोलावलं. काय ती चाल! खालून एकदम वर उडी, वरून धाडकन खाली, मग भलतीकडेच. आणि शेवटी वरच्या निषादावर जाऊन जी थांबली ती थांबलीच.

स्वयंपाकघरातून त्याची बायको हेल्मी फडक्याला हात पुसत बाहेर आली. "संपलं?"

"अर्थात. कसं वाटलं?"

"मांजर कपाटावरून पडल्यासारखं. मगापासून भांडी धुताना तुझ्याबरोबर गुणगुणायला बघतेय. श्वास घ्यायचा कुठे? आणि शेवटी तू घरात येतच नाहीस, दारातच उभा!"

"ह्याला आधुनिक म्हणतात, हेल्मी."

"म्हणत असतील. पण लोकांना हे तुंबलेल्या सिंकपाशी उभं राहून म्हणायचंय ना?"

मास्तर फुगून बसला. मग पुन्हा पियानोकडे वळला. आता चाल शेजारशेजारच्या सुरांवरून जिना चढावा तशी वर गेली. मध्ये एकच झोकदार उडी, तिच्यानंतर दम घ्यायला जागा. पहिली ओळ थोडं वळण घेऊन पुन्हा आली आणि शेवटी ग, रे, सा करत षड्जावर अशी टेकली, की काझिमिरही नकळत खुर्चीत मागे रेलला. हेल्मी तर दुसऱ्या खेपेलाच म्हणू लागली होती. शब्द साधेच होते:

"नळ गळे टपटप, झोप उडे झपझप, बोलवा कुणाला? श्चेपानिआक!"

ग-रे-सा या तीन सुरांत ते नाव कोंबताना आमच्या गायिकेची जीभ मुरगळायची वेळ आली. पण तिनं जमवलं.

गाणं गावभर झालं. बेकरीत, चर्चच्या पायऱ्यांवर, दारातला बर्फ उपसताना, जो तो तेच म्हणत होता. फक्त शेवट म्हणताना लोकांची जीभ घसरायची. पहिल्यांदा कुणाची घसरली देव जाणे, पण लवकरच सगळं गाव म्हणू लागलं, "बोलवा कुणाला? ओला बेर्ग!"

ओला बेर्ग म्हणजे पलीकडच्या गल्लीतला म्हातारा नॉर्वेजियन प्लंबर. त्याचं नाव त्या तीन सुरांवर मापानं शिवल्यासारखं बसलं होतं.

काझिमिर तणतणत मास्तरच्या घरी आला. नशीब माझं, मी तिथेच कॉफी पीत होतो.

"गाणं माझं आणि फोन त्याला?"

"मी काय करू?" मास्तर म्हणाला. "चाल चांगली झालीय."

"मग बिघडव!"

तेवढ्यात दार ढकलून खुद्द ओला बेर्ग आत आला. "गाणंवाला कोण तुमच्यातला? अरे, मी काम आवरतं घेऊन सरोवरावर मासे धरत बसणार होतो. आता अंघोळीला गेलो तरी फोन! बंद करा ते!"

दोन्ही प्लंबरांचं एकमत झालेलं बघून मास्तरचा चेहरा उजळला. त्यानं ती मांजरवाली चाल बाहेर काढली. जुनं गाणं काढून आम्ही ही रेडिओवर लावली.

मी बेकरीत रांगेत होतो तेव्हा ती पहिल्यांदा वाजली. उड्या मारत मारत निषादावर जाऊन लटकली. पाव कापणारीची सुरी हवेतच राहिली. एक पोस्टमन कळवळून म्हणाला, "अहो, पुढे?" आणि कुणालाच ते सहन होईना, तेव्हा सगळ्या रांगेनं एका सुरात ती खाली उतरवून संपवली: "ओला बेर्ग!"

त्यापुढे काझिमिरनं हात टेकले. तो सरळ बेर्गकडे गेला. बेर्गनं व्हॅनच्या किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या, टेलिफोन त्याच्या दुकानात हलवला आणि गळ उचलून चालता झाला. काझिमिर आपल्या जाडजूड पोलिश उच्चारात "ओला बेर्ग बोलतोय" म्हणायला शिकला. आईला मात्र कळू द्यायचं नाही, अशी त्यानं सगळ्यांना तंबी दिली.

त्या हिवाळ्यात सगळीकडे पाइप गोठले. मिसेस ऑडेगार्डच्या तळघरात तो गुडघ्यावर बसून काम करत होता. ती जिन्यावरून बराच वेळ निरखत राहिली.

"मिस्टर बेर्ग, तुम्ही इतके पोलिश कधी झालात हो?"

"थंडीनं, बाई," काझिमिर म्हणाला आणि पाना फिरवू लागला.