दारामागचा खिळा

गाडी गेली ती भर दुपारी, आम्ही जेवत असताना. हात धुऊन खिडकीशी गेले, तर फाटकापुढे नुसता तेलाचा डाग. भोंगा वाजला नव्हता, रस्त्यावर काचेचा कणही नव्हता.

चाव्या दोनच. एक आमच्या दारामागच्या खिळ्यावर, जागच्या जागी. दुसरी धाकट्या दिरांकडे, कारण सासूबाईंना दवाखान्यात तेच न्यायचे.

भाऊजी धावत आले. खिशातली चावी टेबलावर ठेवून म्हणाले, "तुमच्या हातच्या जेवणाला घाबरून गाडी घेऊन पळणारच होतो वहिनी, पण चावी खिशातच राहिली बघा!"

एरवी मी फणकारले असते. त्या दिवशी म्हणाले, "कुणाला दिली होतीत का चावी? खरं सांगा. घरातल्या घरात मिटवू."

"अगं..." हे म्हणाले. पण तेवढंच. भाऊजींनी एकदा भावाकडे पाहिलं, चपला घातल्या आणि गेले. चावी टेबलावरच राहिली.

महिन्याभराने घराचं कुलूप बदलायला माणूस आला. खिळ्यावर अजून चावी लटकत होती. गाडी गेली तरी सवय कुठे जाते!

"ताई, अशी चावी दाराला टांगतात का?" तो म्हणाला. "गाडीने हाक मारली की ही खिशातूनच ओ देते आणि गाडी उघडते. एक चोर दाराबाहेर यंत्र घेऊन उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. यंत्र तो आवाज लांबवर पोचवतं. गाडीला वाटतं, मालकीणबाई आल्याच. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची असते ही."

खिळा मीच ठोकला होता. घाईत चावी सापडावी म्हणून.

तशीच भाऊजींकडे गेले आणि सगळं सांगितलं. "तुम्हाला तरी काय ठाऊक असणार, वहिनी," ते म्हणाले आणि मला पाणी दिलं.

"बोला ना मला काहीतरी. माझ्या जेवणावरून तरी बोला."

"छे हो. चांगलं करता तुम्ही."

ते अजूनही येतात, सासूबाईंसाठी. येताना हातातली पिशवी बाहेर चपलांशेजारी ठेवतात. पहिल्यांदा वाटलं, विसरली असेल. आत आणायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या वहिनी. बाहेरच बरी, म्हणजे जाताना कुणाला प्रश्न नको."