माल्सुनआजीची मूठ

लसूण उपटायच्या दिवसांत आमच्या गावात कुणाला मरायलाबी सवड नसते. त्या दिवशी तर काळे ढग डोंगराला टेकलेले. आम्ही शेजारणी माल्सुनआजीच्या रानात वाकून लसूण उपटत होतो. आज तिच्या रानात, उद्या माझ्या. दुपारी तिची सून मिरान गाडीतनं खोकं घेऊन आली. आत दुकानातला शिजवलेला भात, प्लास्टिकच्या वाट्यांत बंद.

"आत्याबाई, आज भात टाकायची कटकट न्हाई. गरम करून आणलाय. खावा आन् लागा कामाला."

आजीनं वाटी उलटीपालटी करून बघितली. "आन् माझी मूठ?"

आमच्या चर्चमधल्या बायकांची जुनी रीत आहे. भात टाकायच्या आधी मूठभर तांदूळ देवाच्या पिशवीत टाकायचे आणि टाकताना कुणा एकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची. रविवारी पिशवी चर्चमध्ये जाते, तिथनं ज्याच्या घरी काही नाही त्याच्याकडं. आम्ही बाकीच्या लबाड. सुगीत मुठी चुकल्या की शनिवारी वाटीभर ओतून मोकळ्या होतो. आजी तसली नव्हती. नवरा गेला त्या दिवशीही तिनं मूठ काढली होती.

"ह्यातलाच घाला की घासभर पिशवीत!" आमच्यातली ओकजा फिदीफिदी हसली.

"बुरशी यायची पिशवीला. तुझ्या जिभंला आलीया तशी," म्हणत आजीनं हातमोजे काढले.

तिचा मुलगा ग्युसिक ताडपत्री टाकून पळत आला. "आये, कुठं निघालीस?"

"घरी. भात टाकते."

"येडी का काय! वर बघ जरा. लसूण भिजला तर काळा पडंल. एका मुठीवाचून देव काय उपाशी मरतोय व्हय?"

"देव न्हाई मरत. मी मरते." आजी बांधावर ताठ उभी राहिली. "सकाळी लसूण, दुपारी लसूण, दिवस मावळला की टीव्हीवरच्या रडक्या बाया. देवाशी बोलायला मला एवढीच जागा उरलीया, तांदळाच्या डब्यापाशी. तीबी वाटीत बंद करता? न्हाई ऐकत, जा!"

आणि गेली की हो! आम्ही बघतच राहिलो.

सर आलीच. आम्ही धावपळ करून ताडपत्र्या ओढल्या, तरी वरच्या कडेचा लसूण भिजला. पाऊस उघडतोय तोवर आजी डोक्यावर पातेलं घेऊन, ओलीचिंब, चिखल तुडवत आली. वाफाळता भात आणि डबाभर किमची, आमचं कोबीचं आंबट-तिखट लोणचं.

"बघ, गेला का न्हाई लसूण!" ग्युसिक कडाडला.

"भिजला तर वाळवता येतो. मी आतनं सडले तर मला कुठं पसरशील?"

ग्युसिकच्या पोटात कावळे ओरडत होते, गुमान जेवायला बसला. मिरान मात्र फुगून लांब बसली होती. वाटीतला भात गार होऊन गोळा झालेला, तोच चिवडत होती. शेवटी तिला राहवेना.

"एवढं रान सोडून गेलात, आत्याबाई. आज मूठ होती तरी कुणाच्या नावाची?"

"तुझ्या." आजीनं तिच्या गार भातावर गरम भाताचा उलथणंभर ढीग घातला. "आन् तू लई चिडलेली दिसलीस, म्हणून दोन टाकल्या."