घोड्याचंसुद्धा नाव छापलंय!

आमच्या सेंट-लुई शहरात कितीतरी घरांत मोलकरणीला ‘फातू’च म्हणतात. एक जाते, दुसरी येते; हाक तीच राहते. इतिहासाचा शिक्षक मेदून गेय याच्या घरीही तसंच होतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

मेदून मनाने वाईट नव्हता. त्या वर्षी त्याने शाळेत जुन्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं होतं. युरोपातून आलेल्या प्रवाशांनी आपल्या पुस्तकांत छापलेली ती चित्रं. नदीकाठची गावं, बाजारातल्या बायका, ओझी वाहणारी माणसं. रविवारी दोन सहकारी जेवायला आले होते. गावाहून सुकैना आत्याही आली होती. मेदूनचे वडील गेल्यापासून घरात तिचाच शब्द चाले.

सगळ्यांनी भोवती बसून एकत्र जेवायची मासे-भाताची परात यायला अवकाश होता. मेदूनने एक चित्र सगळ्यांपुढे धरलं.

“बघा! हा साहेब घोड्यावर बसलाय. खाली त्याचं नाव छापलंय. घोड्याचंसुद्धा नाव छापलंय! आणि ज्यांच्या डोक्यावर त्याचं सगळं बिऱ्हाड आहे, ते? ‘स्थानिक हमाल’! बस्स, एवढंच! यांच्या आईबापांनी यांची नावं ठेवली नव्हती का?”

सहकाऱ्यांनी माना डोलावल्या.

“ए फातू, पाणी आण!” मेदूनने आत हाक दिली.

एक बाई पाणी ठेवून निघून गेली. तिचे डोळे रडून सुजले होते.

“मेदून, हिचं नाव काय रे?” आत्याने विचारलं.

“फातू.”

“फातू आधीची होती. ती लग्न होऊन गेली. मी हिचं विचारतेय.”

मेदूनने बायकोकडे पाहिलं. रोखायाने नजर खाली वळवली.

“तेनिंग फाय,” आत्या म्हणाली. “लांब फातिक गावाकडची आहे. सकाळी तिच्यासोबत कांदे चिरत बसले, तेव्हा कळलं. तिकडे गावी पोरगा तापाने फणफणलाय तिचा. तुझ्याकडे रजा मागितली, तर म्हणालास, प्रदर्शन होऊ दे!”

“मला वाटलं, उगाच निमित्त सांगतेय. आणि आत्या, चित्रातली गोष्ट वेगळी. तो परका होता. आम्ही हिला पगार देतो.”

“त्यानेही मजुरी दिली असेल. तो आला आणि गेला, नावं विचारायचं राहिलं. ही वर्षभर तुझ्याच छपराखाली आहे, बाळा! त्याच्यावर चिडतोस ना? चीड, चिडायलाच हवं. पण तो कधीच मेला. तू तर जिवंत आहेस!”

मेदूनच्या हातातलं चित्र खाली आलं. किती सहज झालं होतं हे सगळं! तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

“तेनिंग...”

ती दचकली. “काही चुकलं का, साहेब?”

“चुकलं माझं. मुलाचं नाव काय?”

“लातीर.” नाव घेताच तिला हुंदका आवरेना.

“आवर लवकर. गाडीतळावर मी सोडतो. तो बरा झाल्याशिवाय यायचं नाही. पगार कापणार नाही, आणि औषधपाण्याचं मी बघतो.”

त्या दिवशी परात रोखायाने वाढली. मेदून गाडीतळावरून परतला, तेव्हा भात निवला होता.

प्रदर्शनात त्या चित्राखाली मेदूनने स्वतःच्या हाताने लिहिलं : ‘यांची नावं कुणी विचारली नाहीत.’ पोरं तिथे बराच वेळ थांबत.

लातीर हिंडूफिरू लागल्यावर तेनिंग परतली. आता तीही सगळ्यांबरोबर परातीभोवती बसते. रोखायाची जीभ अजून अधूनमधून घसरते.

“फातू, मीठ दे गं.”

“तेनिंग, बाईसाहेब,” ती मीठ पुढे करत म्हणते.

“हो गं बाई, तेनिंग!”

वाचकहो, जुन्या अन्यायाचा संताप यायलाच हवा. पण चित्रातली माणसं आता आपल्या हाकेला ओ देणार नाहीत. आपल्या घरात राबणारं माणूस देईल. त्याला त्याच्या नावाने हाक मारा, आणि ओ देऊन ते काय सांगतंय, तेही ऐकून घ्या.