डेन्झिल अंकलचा पक्का सूर

पेशींना सुट्टी नसते, हे हेरंबला ठाऊक होतं. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळचे रस्ते बंद असतात, हे पेशींना ठाऊक नव्हतं.

परळच्या लॅबमध्ये तो डेन्झिल अंकलच्या अक्कलदाढेतल्या मूळपेशी वाढवत होता. पेशीतल्या जनुकांवर रासायनिक कुलपं असतात. कुठलं उघडतं त्यावर ठरतं, तिचं हाड होणार की दाताला हाडाशी बांधणारा लवचिक धागा. कुलपं सैल करणारं औषध सहा तासच ठेवायचं. हेरंबने सकाळी दहाला ते घातलं, मिरवणूक बघून लगेच येतो म्हणाला, आणि आला दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता, कानात गुलाल घेऊन.

पेशी मजेत होत्या. जरा जास्तच मजेत. त्याने वहीत लिहिलं, 'सहा तास'.

गिरगावचे डेन्झिल अंकल लग्नांत ट्रंपेट वाजवायचे. पुढचे दोन दात हलत होते, त्यामुळे सूरही हलायचा. "ट्रंपेट गेला तर मी काय, वऱ्हाडाला टाळ्या वाजवून दाखवू?" म्हणत त्यांनी प्रयोगाच्या फॉर्मवर सही ठोकली होती.

पेशी त्या दोन दातांच्या हिरडीत बसवल्या. महिन्याभरात दात घट्ट! लॅबप्रमुख नूपुर मॅडमनी सगळ्यांना पेढे वाटले.

दर बुधवारी हेरंब दात तपासायच्या छोट्या आरशाच्या दांडीने दात ठोकून बघायचा. निरोगी दात 'ठप' वाजतो. एका बुधवारी 'टिंग' वाजला.

"बी फ्लॅट!" अंकल खूश. "दात सुरात आला रे माझा!"

हेरंबने पुन्हा ठोकून बघितलं. टिंग म्हणजे आत धागा नाहीच, नुसतं हाड.

पुढच्या बुधवारी शेजारचा दात वाजला. मग खालची दाढ.

"हिच्यात पण पेशी घातलेल्या काय?"

"नाही, अंकल."

"मग ही कशाला गाते?"

"आ करा."

तोंडात तीन बोटं मावायला हवीत. एक मावलं, तेही तिरकं.

हेरंबने आरसा खाली ठेवला. "अंकल, ते औषध सहा तास नव्हतं. तीस तास होतं, म्हणून पेशी हाडच बनवत सुटल्यात. मी विसर्जनात अडकलो, आणि वहीत खोटं लिहिलं."

अंकलना शिवी द्यायची होती. शिवी द्यायला तोंड उघडावं लागतं. त्यांनी पेटीतून ट्रंपेट काढला, ओठांना लावला. सूर निघाला, खणखणीत. इतका सरळ सूर त्यांनी उभ्या जन्मात लावला नव्हता. मॅडम दारात येऊन टाळ्या वाजवू लागल्या.

अंकलनी ट्रंपेट खाली ठेवला.

सूर चालूच राहिला, बंद दातांतून.