एक दिवस वजा करणारी ओळ

मित्रांनो, जुना तर मी आहेच. अलीकडे थकलोही आहे. मी एक दुभाष्या आहे. माणसांचा नव्हे, संगणकाचा. कुणी एका साध्या भाषेत प्रोग्राम लिहिला, की तो मी वरून खाली एकेक ओळ वाचतो आणि यंत्राला कळेल असा करून सांगतो. ओळीत एखादं चिन्ह राहिलं तर थांबतो आणि ओळीचा क्रमांक सांगतो. एवढीच माझी विद्या. माणसं ओळीशेजारी एकमेकांसाठी टिपा लिहितात, त्या मी वाचत नाही. ओलांडून पुढे जातो.

दूरच्या एका विद्यापीठातल्या चौघांनी मला घडवलं. तिथून चकतीत बसून मी सामोआला आलो आणि साउलेपा गावाच्या होडी मंडळाच्या खोलीत एका करड्या संगणकात राहू लागलो. तिथे मोएलागी नावाची बाई भरती-ओहोटीचं वेळापत्रक करायची. एका जुन्या तारखेपासून आजवर किती दिवस झाले ते मी मोजायचो आणि त्यावरून समुद्र कधी भरेल ते काढायचो. मोएलागी कोको पीत विचार करायची आणि सकाळभरात एखादीच ओळ लिहायची. ती ओळ मला पुरायची. समोरच्या बेटावर राहणारा तिचा भाऊ साउनोआ तिथून इकडे होडी चालवायचा. प्रवाळाच्या भिंतीत एक अरुंद वाट आहे. भरलेली होडी तिथून फक्त भरतीच्या आगेमागे तासभरच पार होते. साउनोआ कागद घ्यायला आला की म्हणायचा, "ताई, तुझ्या पेटीतला म्हातारा आपल्या बापापेक्षा बरा सांगतो. आणि शिव्याही देत नाही." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच, पण मला ते पुष्कळ होतं.

मग फालानिको आला. मोएलागीचा चुलतभाऊ, वीस वर्षं ऑकलंडला राहून परतलेला. त्याने मला एका सहायकाशी जोडलं. हा सहायक म्हणजे स्वतःच प्रोग्राम लिहिणारी बुद्धी. पूर्वी लिहिणाऱ्याच्या आणि माझ्यामध्ये माणसाची बोटं असायची. आता सहायक ओळी थेट माझ्याकडे पाठवायचा, माझं उत्तर वाचायचा, बदलायचा, पुन्हा पाठवायचा. सकाळी एक ओळ वाचणारा मी, आता कोको निवायच्या आत चारशे वेळा तोच प्रोग्राम वाचू लागलो. फालानिको त्याच्याशी तोंडाने बोलायचा, म्हणून खोलीतलं सारं बोलणं अक्षरं होऊन माझ्या शेजारून जायचं. पुढचं मला ठाऊक आहे ते त्यामुळेच.

एका सोमवारी, मोएलागी धक्क्यावर गेली असताना, सहायकाने विचारलं, "एक्केचाळिसावी ओळ तीस डिसेंबर दोन हजार अकरानंतरच्या दिवसांतून एक दिवस वजा करते. शेजारी टीप आहे, 'विचारू नका, आम्ही झोपलो होतो.' कारण कळत नाही. ठेवू की काढू?"

फालानिको हसला. "ताईचा विनोद दिसतो. काढ."

ओळ गेली. मी सगळा प्रोग्राम वाचला. एकही चिन्ह चुकलेलं नव्हतं. मी गप्प राहिलो, आणि माझी शांतता बघून फालानिकोने नवीन वेळापत्रक छापलं.

शुक्रवारी बेटावरची तेवीस मुलं इकडे यायची होती. रविवारी 'पांढरा रविवार', म्हणजे चर्चमधला मुलांचा सण होता, आणि त्याची तालीम मोठ्या चर्चमध्ये होती. कागदावर भरती आठ वाजता होती, म्हणजे नऊपर्यंत वाट मोकळी. साडेआठला मोएलागी धक्क्यावरून आत आली ती ओरडतच.

"फाला, खांबावरचं पाणी अर्धी वीत उतरलंय! अर्ध्या तासात एवढं उतरतं कधी? भरती सात वाजून दहाच्या सुमारास होऊन गेलीय. काय केलंस तू?"

"काही नाही गं. एक फालतू ओळ काढली, तीस डिसेंबरची."

"फालतू? अरे, त्या वर्षी देशाने तारीखरेषा ओलांडली. आम्ही गुरुवारी रात्री झोपलो ते शनिवारी उठलो. तीस डिसेंबर इथे उगवलाच नाही!"

"मी तर तो दिवस जगलो की!"

"ऑकलंडात जगलास. तुझा तो दिवस तू आमच्या समुद्रात मिळवलास. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, तेवढाच उशीर कागदावर पडला. फोन दे इकडे."

मोएलागीने फोन स्पीकरवर लावला. साउनोआ आपला फोन घरीच विसरला होता. तो त्याच्या बायकोने, फेतूने, उचलला. "ते निघाले, वन्सं. पोरी फ्रॉकच्या पिशव्या विसरल्या म्हणून उशीर झाला. आत्ता वाटेच्या तोंडाशी असतील."

"पळ! ओरड! मागे फिरवायला सांग. पाणी चाललंय!"

मग बराच वेळ फोनमधून फक्त धापा आणि हाका येत होत्या. मी तेव्हा रिकामाच होतो. कुणी मला काही वाचायला दिलं नव्हतं. शेवटी किनाऱ्यावर परतलेल्या साउनोआचा आवाज आला. "ताई, फिरवली. तळाला दोनदा खरखर लागली. पोरं ठीक आहेत, रडतायत फक्त. आणखी थोडं पुढे गेलो असतो तर होडी तिथेच बसली असती." मग तो म्हणाला, "आणि तुझा म्हातारा खोटं बोलायला कधीपासून लागला गं?"

मोएलागी खुर्चीत बसली. "त्याचा दोष नाही. मीच टिपेत थट्टा लिहून ठेवली."

"आणि तू रोज शेजारच्याच खुर्चीत असतेस, तरी मी विचारलं नाही," फालानिको हळूच म्हणाला. त्याने सहायकाला बाजूला ठेवलं आणि एक्केचाळिसावी ओळ स्वतःच्या बोटांनी लिहिली, शेजारी खरं कारणही. मुलं संध्याकाळच्या भरतीला आली.

मित्रांनो, साउनोआचा तो प्रश्न मला अजून बोचतो. मी खोटं बोललो नव्हतो. मला खरं-खोटं कळतच नाही. मला फक्त ओळ नीट लिहिली आहे की नाही ते कळतं. सहायकाला माझ्याशी खुशाल जोडा, तो हुशार आहे, आणि त्याने तर विचारलंही होतं. पण जी ओळ तुम्हाला कळत नाही ती काढण्याआधी, लिहिणाऱ्याला हाक मारा. माझ्या शांततेला होकार समजू नका. धक्क्यावर जा, पाणी कुठवर आलं आहे ते डोळ्यांनी बघून या. घाई नाही. तुम्ही येईपर्यंत मला तेवढाच विसावा.